पेडलवरची लाट

९ डिसेंबर, मंगळवार. सकाळचं काम: ट्रकच्या ॲक्सिलरेटर पेडलचा सेन्सर बदलून घेणे. दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा बदलला त्याला आठवडा झाला होता आणि काही फरक पडला नव्हता. मेकॅनिकने कपाळाला आठ्या घालत नवा सेन्सर बसवला. मी वायरी हलवून पाहिल्या, कनेक्टर उघडला, पुसला, परत लावला. तक्रार माझीच होती. पेडल किती दाबलंय हे इंजिनच्या कंप्यूटरला सांगणारा संदेश अधूनमधून थरथरत होता. ग्राफवर ती थरथर लाटेसारखी दिसायची. बारीक, एकसारखी, सेकंदाला चार-पाच वेळा. खड्ड्यातून गाडी गेली की पेडलवर धक्के दिसतात, पण ते कसेही येतात. ही लाट शिस्तीत येत होती. शिस्तीत येणारी गोष्ट बहुतेक वेळा विजेची असते, म्हणून सेन्सर.

मी डिझेल इंजिनांचं कॅलिब्रेशन करते. पंचवीस वर्षं होत आली. पाहुण्यांना सांगताना मी एवढंच सांगते की इंजिनात कधी, किती डिझेल सोडायचं याचे तक्ते मी भरते. इंजिन एका वेगाला, एका ओझ्यावर स्थिर चालत असेल तर हे काम कुणीही करील. त्रास बदलाच्या वेळी होतो. जाममध्ये रांगणारा भरलेला ट्रक, समोर अचानक जागा मिळते, ड्रायव्हर पाय दाबतो. डिझेल तत्काळ जातं. जास्तीची हवा आणणारा टर्बो मात्र फिरायला क्षणभर वेळ घेतो. तेवढ्यात न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर जातं. म्हणून हवा येईपर्यंत डिझेल रोखून धरायचं; त्यासाठी हवेचा एक वेगळा तक्ता असतो. फार रोखलं तर गाडी जागची हलत नाही आणि मागचे हॉर्न वाजवतात. या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. तक्रार नाही. पगार वेळेवर मिळतो.

नवरा त्याच कंपनीत. मी भरलेले तक्ते गाडी चालवून तपासणाऱ्या विभागाचा तो प्रमुख. पुण्याला एका कारखान्यात आमची ओळख झाली आणि पंधरा वर्षांपूर्वी दोघंही गाझियाबादला आलो. त्याचा पाय आमच्या धंद्यात प्रसिद्ध होता. पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट घालून तो गाडी चालवायचा आणि टर्बोने हवा पकडली की स्क्रीन न बघता “आली” म्हणायचा. मी स्क्रीनवर बघायचे. खरंच आलेली असायची. आमच्याकडे पद्धतच तशी आहे. तपासणाऱ्याने आलेख बघायचा नाही. गाडीला दहापैकी किती गुण, हे आधी पायाने सांगायचं, मग मी माझा कागद उघडणार.

ऑक्टोबरमध्ये त्याने या नव्या दोन टनी ट्रकला सहा गुण दिले.

“पेडल चावतंय,” तो म्हणाला. “गाडी पुढेमागे करते. जरा मऊ कर.”

मऊ करायचं म्हणजे फिल्टर वाढवायचा. माणसाचा पाय कधीच पूर्ण स्थिर नसतो, म्हणून पायाकडून येणारा संदेश थोडा गाळून, गुळगुळीत करून इंजिनला द्यायचा असतो. त्यासाठी एक आकडा असतो. तो वाढवला की गाडी मवाळ होते. मी वाढवला. त्याने सात दिले. नोव्हेंबरात तो अजून दोनदा म्हणाला, मी अजून दोनदा वाढवला, आणि आठ गुण मिळाले. शिवाय धूर कमी झाला. इंजिनला हुकूमच उशिरा पोचत होता, तेव्हा टर्बोला वेळ मिळत होता. प्लांटचे मोठे साहेब खूश झाले. थंडीत इकडे हवेच्या प्रदूषणाचा आकडा वर गेला की डिझेलवाल्यांकडे सगळे चोर असल्यासारखे बघतात, त्यामुळे कमी धुराचा तक्ता म्हणजे मिठाईचा डबाच. मीही खूश होते. हे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या खुशीमुळे लांबलं.

पंधरा डिसेंबरला ट्रक डोंगरात न्यायचा होता. दर प्रकल्पाच्या शेवटी नेतो. उंचीवर हवा विरळ, थंडी शून्याखाली, घाटात वळणावळणाला ओझं बदलतं, आणि खाली जमलेलं सगळं वर बिघडतं. नवरा या ट्रिपचा प्रमुख होता. आजवरच्या प्रत्येक ट्रिपचा तोच होता. पुढच्या वर्षापासून आमचे दोन्ही विभाग बॅटरीच्या गाड्यांकडे वळणार होते, म्हणजे हे आमचं शेवटचं डिझेल. त्याने कानटोपी आणि लोकरीचे मोजे नोव्हेंबरातच काढून सोफ्यावर ठेवले होते. मी चार वेळा कपाटात टाकले, चार वेळा परत सोफ्यावर.

तर त्या मंगळवारी तो कामासाठी गुरगावला गेला होता. नवा सेन्सर लगेच तपासायचा होता, म्हणून मी त्याच्या विभागातल्या दुसऱ्या ड्रायव्हरला बोलावलं. बुलंदशहरचा, पन्नाशीचा, पूर्वी बारा वर्षं रोडवेजची सरकारी बस चालवलेला. वाळूच्या गोण्या भरून ट्रक हापूड रोडला काढला. उसाच्या ट्रॉल्यांचा मोसम, त्यामुळे रांगणं, थांबणं, निघणं, सगळं आयतं मिळालं. तिसऱ्या ट्रॉलीला मागे टाकताना त्याने पाय दाबला, ट्रकने विचार केला, समोरून बस आली, आणि आम्ही परत ट्रॉलीच्या मागे.

“मॅडम, ये सेटिंग किसने की है?”

“मैंने.”

“फिर गुस्सा मत होना. गाडी सो रही है. मैं पैर रखता हूँ, वो पूछती है, पक्का जाना है?”

“नंबर बोलिए.”

“पाँच. आपका लिहाज करके.”

“साहब ने आठ दिया है.”

ट्रॉलीवरून उसाचं एक कांडं रस्त्यावर पडलं, ते त्याने व्यवस्थित चुकवलं. मग म्हणाला, “साहब का पैर अलग है, मॅडम.”

मी मांडीवरचा लॅपटॉप उघडला. फिल्टरच्या आधीचा, पायाचा कच्चा संदेश लावला. सरळ रेघ. पाय दाबला की चढ, सोडला की उतार, मध्ये सपाट. खड्ड्यांचे धक्के कसेही पसरलेले. लाट नव्हती.

नव्या सेन्सरने काम केलं, असं मला वाटलं. तीन-चार मिनिटं वाटलं. मग मी आदल्या आठवड्याची फाइल काढली. जुना सेन्सर, हाच ड्रायव्हर, अर्ध्या तासाची फेरी, नवरा तापाने घरी होता त्या दिवशीची. तिथेही लाट नव्हती.

“अलग मतलब?” मी विचारलं.

त्याने काचेतून समोर बघत सांगितलं, “साल भर से देख रहे हैं. पैर नाचता है. हमने सोचा आपको तो पता होगा. घर की बात है, हम क्या बोलें.”

मी त्याला परत फिरायला सांगितलं.

टेबलाशी बसून मी मागे मागे जात राहिले. नवरा, हा ट्रक, सप्टेंबर: लाट. नवरा, दुसरा ट्रक, मार्च: लाट, जरा कमी. नवरा, जुनी स्कूल बस, गेल्या वर्षीचा ऑगस्ट: असल्यासारखी. आमच्याकडे प्रत्येक फेरीची फाइल असते, तारीख-वेळेसकट. कुठल्या नवऱ्याच्या पायाची अशी मोजदाद कुठल्या बायकोजवळ असेल? शेवटी गेल्या वर्षीच्या जूनपर्यंत पोचले. पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्या आठवड्यात, हायवेवर एकसारख्या वेगाने जाताना, वीस सेकंदं. नीट बघितल्याशिवाय दिसणार नाही इतकी. पण होती.

त्याच्या वडिलांना कंपवात होता. शेवटची सहा वर्षं मी त्यांचा चहा अर्धाच कप ओतत असे. त्यामुळे आता मला काही शोधायचं राहिलं नव्हतं.

लाट मी सहा आठवडे रोज बघत होते. ती इंजिनपर्यंत पोचू नये म्हणून फिल्टरचा आकडा मी स्वतः तीनदा वाढवला होता. दुसऱ्या कुणी फिल्टर वाढवायला सांगितलं असतं तर मी कारण लिहून मागितलं असतं. आमच्याकडे त्यासाठी फॉर्म आहे, तो मीच बनवलाय, आणि त्यावरून लोक माझ्या पाठीमागे काय बोलतात तेही मला माहीत आहे. त्याच्याकडून मात्र शब्दावर घेतलं. एका माणसाच्या आजारी पायाला सोयीचा होईल असा ट्रक मी तयार केला होता आणि तो हजारोंच्या संख्येने बनवायला पाठवणार होते.

तो साडेसहाला आला. मेट्रो स्टेशनजवळून ब्रेड आणि केळी घेऊन आला होता. हात धुतले, मोजे काढले. मी चहा ठेवला आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

“हे बघ जरा,” मी म्हणाले.

फाइल कुणाची ते सांगितलं नाही. हे बरोबर होतं का याचा नंतर पुष्कळ विचार केला. दुसऱ्या कुठल्या रीतीने सांगायचं ते मला येत नव्हतं. पंचवीस वर्षं आम्ही एकमेकांना महत्त्वाचं ते असंच दाखवत आलो.

त्याने चष्मा लावला. “कुठली गाडी?”

“दोन टनी.”

“नॉइज आहे. सेन्सर बदल.”

“बदलला. दोनदा.”

“अर्थिंग?”

“तपासलं.”

“दुसऱ्या गाडीवर?”

“हीच लाट.”

“मग ड्रायव्हर,” तो म्हणाला.

चहा उतू गेला. मी गॅस बंद करून आले तेव्हा तो तसाच बसला होता. मग त्याने ग्राफ मोठा केला, खिशातलं पेन काढलं आणि त्याच्या टोकाने लाटेची एकेक चढती बाजू मोजायला लागला. एका सेकंदात किती बसतात ते. दोन ठिकाणी मोजून खात्री केली.

“पाचच्या आत,” तो म्हणाला. “बाबांची बहुतेक अशीच असेल. तेव्हा मोजली नाही.”

“हं.”

“कधीपासून?”

“गेल्या वर्षी जून. दुसरा आठवडा.”

“एवढं नेमकं?”

“फाइलवर तारीख असते.”

“जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काय करत होतो आपण?”

ते मी दुपारीच आठवून ठेवलं होतं. “बोलत नव्हतो. चार दिवस. एसीवरून.”

तो हसला. खरंच हसला. “चोवीस.”

“सव्वीस,” मी म्हणाले.

मी चहा गाळून आणला. त्याने कप दोन्ही हातांत धरला. हात अजून चांगले होते. मी त्याच्या हातांकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने कप खाली ठेवला.

“तुला कळत होतं?” मी विचारलं.

“पाय जड व्हायचा. गाडी चावते असं वाटायचं. आई शपथ, गाडीच चावते असं वाटायचं.” मग तो म्हणाला, “ऑक्टोबरपर्यंत.”

“आणि नंतर?”

“नंतर एकदा सिग्नलला पाय उचलून जमिनीवर ठेवला. गाडी न्यूट्रलला होती. तरी चावतच होतं.”

“हे कळल्यावर तू मला दोनदा मऊ कर म्हणालास.”

“हो.”

“माझ्याकडून तुझा पाय झाकून घेतलास.”

“तू विचारलंस कुठे?” तो चिडून म्हणाला. “बाकीच्यांना फॉर्म भरायला लावतेस. मला का नाही लावलंस?”

मी केळी फळांच्या टोपलीत ठेवली आणि ब्रेड डब्यात. तो माझ्याकडे बघत राहिला.

“ही ट्रिप होऊ दे,” तो म्हणाला. आवाज उतरला होता. “पंधराला जातो, तेवीसला येतो. आल्यावर डॉक्टर, तपासण्या, गोळ्या, तू म्हणशील ते. बिल्कुल वाद घालणार नाही. लिहून देतो.”

“नाही.”

“आठ दिवस यार. दीड वर्षं आहे ते, आठ दिवसांनी काय होणार आहे?”

“घाटात भरलेला ट्रक. शेजारी एक माणूस, मागच्या गाडीत तीन. बर्फ असेल.”

“बर्फात मी किती वेळा चालवलंय!”

“त्या पायाने नाही.”

हे वाक्य मी जरा जास्त पटकन बोलले. बोलल्यावर परत घेता आलं नाही. तो पायाकडे बघायला लागला, टेबलाखाली. मीही बघितलं. अनवाणी, फरशीवर टेकलेला, टाच वर, आणि चवडा बारीक बारीक हलत होता. या टेबलाशी आम्ही रोज दोन वेळा समोरासमोर बसतो. मी कधी खाली वाकून बघितलं नव्हतं.

“शेजारी बसून जा,” मी म्हणाले. “चालवायचं ते बुलंदशहरवाला चालवेल. तू गुण सांग.”

“शेजारी बसून काय कळणार? सीटवर काय येतं? येतं ते पायात.” मग म्हणाला, “वजनासाठी गोण्या आहेत ना तुमच्याकडे, भरपूर.”

माझं म्हणणं बदलणार नव्हतं आणि त्यालाही ते माहीत होतं. त्याने परत लॅपटॉप पुढे ओढला. मला वाटलं तो लाटच बघतोय. पण त्याने ती बंद करून बुलंदशहरवाल्याची त्या दिवशीची फेरी उघडली होती. ट्रॉली, बस, पाय दाबल्यावर ट्रकने काढलेला वेळ. दोनदा पुढेमागे करून बघितलं.

“भिकार झालीय गाडी,” तो म्हणाला. “भरलेला ट्रक घेऊन कुणी ओव्हरटेक करायला जाईल आणि मरेल. यंदाच्या ऑगस्टचा आकडा घाल. तो बरोबर होता. धूर वाढेल, तो हवेच्या तक्त्यात बघ, पेडलमध्ये लपवू नकोस.”

“घालते.”

“आणि ऑगस्टमध्ये मी त्याला किती दिले होते?”

“आठ.”

“दिले होते ना? मग तेव्हा पाय ठीक होता.”

ऑगस्टच्या फाइलमध्येही लाट होती. मी त्याला “हो” म्हणाले. आयुष्यात मी कामाच्या बाबतीत त्याच्याशी खोटं बोललेलं हे पहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं, आणि तो उठून कप विसळायला गेला. नळाखाली कप बराच वेळ धरून उभा होता. मी जाऊन नळ बंद केला. आम्ही तसेच थोडा वेळ ओट्यापाशी उभे राहिलो, खांद्याला खांदा लावून, दोघंही खिडकीकडे तोंड करून. समोरच्या टॉवरमध्ये कुणीतरी वाळलेले कपडे काढत होतं.

“मुलीला आत्ता नको सांगूस,” तो म्हणाला. “परीक्षा होऊ दे.”

“बरं.”

“आणि ऑफिसात मी सांगेन.”

“ऑफिसात मी सांगते,” मी म्हणाले. “तू गोड करून सांगशील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी प्लांटवर पोचले. धुक्यात गेट दिसत नव्हतं. ट्रक बाहेर काढायला सांगून फिल्टरचा आकडा ऑगस्टचा केला. मग हवेच्या तक्त्यात, कमी वेगाच्या ओळीत, डिझेल थोडं मागे ओढलं. बुलंदशहरवाल्याला घेऊन हापूड रोडला दोन फेऱ्या केल्या. त्याने साडेसात दिले. धूर मर्यादेत राहिला, पण काठावर. धुराचं काम अजून बाकी होतं. मोठे साहेब नऊला आले. मी उभ्यानेच सांगितलं की नोव्हेंबरचा तक्ता रद्द, चूक माझी, कारण फॉर्ममध्ये लिहिलं आहे. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: तपासणाऱ्याच्या पायातील कंप, कॅलिब्रेशन करणारीच्या लक्षात आला नाही. त्यांनी वाचलं आणि खुर्चीवर बसायची खूण केली. मी बसले नाही. ट्रिपच्या यादीतलं पहिलं नाव खोडून त्यावर बुलंदशहरवाल्याचं लिहिलं, सही केली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

दहाला घरी आले तेव्हा तो तयार होऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, कागदपत्रांची पिशवी, वडिलांच्या जुन्या रिपोर्टांची फाइल. अकराची वेळ मिळाली होती, दिल्लीत. त्याने गाडीची किल्ली खुंटीवरून काढली, हातात धरून क्षणभर उभा राहिला आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

गाडी मी चालवली. पुलावर जाम होता. रांगणं, थांबणं, निघणं. समोरच्या टेम्पोने अचानक ब्रेक लावला की तो डाव्या सीटसमोरच्या रबरी मॅटवर उजवा पाय घट्ट दाबायचा, आणि त्याच क्षणी मीही ब्रेक दाबलेला असायचा.